‘तू म्हण’ : एका गाण्याच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२४, बुधवार

काम ठरलं. राजेंद्रनगरातल्या आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात १४ सप्टेंबरला, शनिवारी, घरच्याच मंडळींचा कार्यक्रम आहे. दरवर्षी दुसऱ्यांची गाणी म्हणतो, यंदा आपलं स्वतःचं एक म्हणायचं. मराठी, पॉप, साडेतीन मिनिटांच्या आसपास, आणि घरी जाताना माणूस ओठात घेऊन जाईल असं.

विषय आईबाबा. आजोबा मिलमध्ये साचेखात्यात (मागांवर) होते, घर परदेशीपुऱ्यात. आईचे वडील त्याच मिलच्या ऑफिसात साहेब, घर स्नेहलतागंजात, फाटक आणि अंगणासह. १९८५ साली लग्न झालं. जात एकच होती, म्हणून नाना (आईचे वडील) नकार देताना अडले. जातीचं कारण पुढे करता येईना, तेव्हा पगाराचं बोलावं लागलं. मला गाण्यात नेमकं तेच हवं आहे.

माणसं : शब्द, चाल आणि मुलीचा आवाज माझा. गिटार, बेस (खालच्या सुरांची गिटार) आणि रेकॉर्डिंग धाकट्या भावाकडे. मुलाचा आवाज भावाच्या मित्राचा. तो घरी माळवी बोलतो, मराठी सगळं समजतं, पण बोलताना थबकतो. तबल्याला शेजारचे काका.

भावाचं म्हणणं, इंदूरचंच गाणं करायचं तर होळकरांचं कर. तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६मध्ये गादी सोडली आणि १९२८मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या नॅन्सी ॲन मिलरशी लग्न केलं, त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. गोष्ट मोठी आहे. देश ओलांडला, धर्म ओलांडला. पण महिन्याच्या २५ तारखेला घरात किती पैसे उरतात हा प्रश्न त्यात नाही. आमच्या गोष्टीत तोच आहे.

७ जुलै, रविवार

पहिला खर्डा आईला वाचून दाखवला. ती गवार मोडत होती. त्यात महाल होता, झोपडी होती, आणि ‘तुझ्यासाठी मी पायऱ्या उतरून आले’ अशी ओळ होती, जिच्यावर मी खूश होते.

आई म्हणाली, “उतरले कशाला? मी टेम्पोनं गेले परदेशीपुऱ्याला. चढउतार कुठे आहे त्या रस्त्यात?”

मग थोड्या वेळानं, गवारीकडेच बघत : “उतरले म्हटलंस की यांचं घर खाली होतं असं होतं. ते खाली नव्हतं. बाजूला होतं.”

खर्डा रद्द. महाल, झोपडी, पायऱ्या, चांदणं, सगळं काढलं. अशा गाण्यांत हेच पुन्हा पुन्हा येतं आणि मीही काही विचार न करता तेच उचललं होतं. श्रीमंत-गरीब म्हटलं की उंची मोजायची सवय. दोन घरांत खरं वेगळं काय होतं ते विचारायला हवं. यादी करून दोघांना वेगवेगळं गाठायचं.

९ जुलै, मंगळवार

बाबांशी बोलले. बाबांनी आयुष्यभर रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि नंतर टीव्ही दुरुस्त केले. स्नेहलतागंजात पहिल्यांदा गेले ते टेपरेकॉर्डरसाठी. आतला रबरी पट्टा सैल झाला होता. पट्टा सैल पडला की गाणं रेंगाळतं आणि सूर खाली येतो. आईनं दारातच सांगितलं होतं, “अरे, याचा आवाज रडका झालाय.” अरे! बाबा तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. कामाला आलेल्या माणसाला त्या घरात तसंच बोलत, तिनंही तसंच म्हटलं.

बाबांना त्या दिवसाचं जे आठवतं ते असं. फाटक उघडं होतं तरी त्यांनी बेल वाजवली. चपला पायरीच्या खाली काढल्या, पायरीवर नाही. चहा पेल्यातून आला. कपबशा समोरच्या काचेच्या कपाटात दिसत होत्या. पेला तापलेला, धरायला कान नाही, आणि खाली ठेवायचा कुठे ते कळेना.

“मग?”

“मग काय. चहा छान झालाय म्हणालो.”

पहिलं कडवं (मुलगा) रात्री लिहिलं :

फाटक उघडं होतं तरी बेल मी वाजवली
पायरीच्या खाली माझी चप्पल काढून ठेवली
चहा आला पेल्यामधून, कपबशी कपाटात
‘छान आहे’ म्हणालो मी, चटका ठेवून हातात

‘लपवून’च्या जागी ‘ठेवून’ केलं. लपवणं नाटकी होतं. बाबांनी काही लपवलं नव्हतं, त्यांच्याकडे ते आपसूक राहिलं.

११ जुलै, गुरुवार

आज सापडलं. कडवं आईला वाचून दाखवताना तिनं एवढंच विचारलं, “यात ते मला काय म्हणतात? तू की तुम्ही?”

लक्षातच आलं नव्हतं. कडव्यात संबोधनच नाही.

“तुम्हीच म्हणायचे. लग्नानंतरसुद्धा. सगळी चाळ ऐकायची. नवरा बायकोला तुम्ही म्हणतो! बायका हसायच्या. तुझे आजोबा तर जाईपर्यंत मला तुम्हीच म्हणत होते. तुझ्या काकूला तू आणि मला तुम्ही.”

आजोबांना तिचा राग नव्हता. उलट तिच्या हातचं वरण त्यांना फार आवडायचं. पण ती साहेबांची मुलगी होती आणि साहेबांच्या घरच्यांशी बोलताना जीभ आपोआप वळायची. तीस वर्षं मिलमध्ये वळलेली जीभ. आईला तो ‘तुम्ही’ रोज लागायचा. आदर होता, पण पाहुणीला द्यावा तसा.

गाण्याचं नाव ठरलं : तू म्हण. ध्रुवपद मुलीचं :

तू म्हण, तू म्हण, एकदा तरी तू म्हण
‘तुम्ही’ म्हटलंस की मध्ये येतं अंगण

स्नेहलतागंजातलं ते अंगण, फाटकापासून दारापर्यंतचं. आईनं ओळ दोनदा म्हणून बघितली आणि गॅस बंद करायला उठून गेली. मला तेवढी दाद पुरली.

१४ जुलै, रविवार

दिवसभर चालीवर. सकाळी पोहे-जिलबी झाली की पेटीवर बसलो ते दिवे लागेपर्यंत.

अडचण अशी : मित्राचा षड्ज (सा) काळी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, माझा काळी तीन. (बऱ्याच बायका काळी चार किंवा पाचला गातात, माझा आवाज मुळातच खालचा आहे.) युगुलगीतात नेहमी मधली पट्टी धरतात आणि दोघांनाही सोसायला लावतात. मुलगा वर ताणतो, मुलगी खाली दबून गाते. आम्ही पांढरी तीनवर करून पाहिलं. दोघंही आपल्या आवाजात नव्हतो. दुसऱ्याच्या घरी जपून बसल्यासारखं वाटत होतं.

मग जसरंगी आठवली. पंडित जसराजांनी मूर्च्छनेच्या (सूर तेच ठेवून सा बदलण्याच्या) तत्त्वावर रुजवलेली स्त्री-पुरुष जुगलबंदी. त्यात पुरुषाचा मध्यम (म) तो स्त्रीचा षड्ज धरतात. दोघं आपापल्या पट्टीत, आपापला वेगळा राग गातात आणि तरी एकत्र गातात. काळी एकपासून मोजलं तर मध्यम येतो काळी तीनवर. म्हणजे आम्हा दोघांचे षड्ज आधीच त्या नात्यात होते!

पेटीच्या पाच पट्ट्यांवर खडूनं खूण केली : काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी तीन, काळी पाच. मित्रानं काळी एकला सा मानून वाजवलं : सा, रे, कोमल ग, म, ध. राग अभोगी. मी त्याच पाच पट्ट्या काळी तीनला सा मानून वाजवल्या : सा, ग, प, ध, कोमल नी. राग कलावती. एकही पट्टी बदलली नाही. त्याचा सा माझा प. त्याचा म माझा सा. त्याच्याकडे पंचम (प) नाही, माझ्याकडे मध्यम नाही.

तानपुऱ्याचं तर आणखी सुंदर. अभोगीत पंचम नसल्यानं त्याला म-सा लावतात. कलावतीला प-सा. त्याचा म-सा म्हणजे काळी तीन आणि काळी एक. माझा प-सा म्हणजे काळी एक आणि काळी तीन. तारा त्याच! फक्त घर कुठलं ते वेगळं.

‘बाजूला होतं’ असं आई म्हणाली होती ते पेटीवर असं सापडलं. मी धावत स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगितलं. तिला पट्ट्यांचं कळलं नाही, पण माझा चेहरा बघून ती हसली.

भावाचं काम : गिटारला चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा), डी-सेव्हन आणि बी-मायनर या कॉर्डचे आकार. एवढ्यात सगळं बसतं, पाचाबाहेरचा सूर येत नाही. खरी गंमत बेसची. बेस काळी एकवर थांबला की घर मुलाचं होतं, काळी तीनवर थांबला की मुलीचं. वर धून तीच ठेवून नुसता बेस सरकवून बघितला, दहा-बारा वेळा. प्रत्येक वेळी अंगावर काटा.

२१ जुलै, रविवार

ध्रुवपदाची सुरावट. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीत मेरुखंडाचं मोठं स्थान. स्वरांचे सगळे संभव क्रम लावून पाहायचे आणि त्यातून वाट काढायची. पाच स्वरांचे १२० क्रम होतात. ‘तू’ हा शब्द काळी तीनवरच सुरू करायचा हे मी धरून बसले, कारण तो माझा सा आणि त्याचा म, दोघांनाही टेकायला चांगली जागा. मग उरले २४. वहीत २४ ओळी आखून एकेक गाऊन पाहिली. चौदावी मिळाली. ‘तू’ काळी तीनवर, ‘म्हण’ खाली काळी दोनवर. माझ्याकडून सा आणि मंद्र ध. तो म्हणेल तेव्हा म आणि रे. साधी हाक मारावी तशी खाली येते. हाक मारताना माणूस वर जातो असं वाटतं, पण जवळच्या माणसाला मारलेली हाक खालीच येते. आजूबाजूला ऐकून खात्री केली.

लय मिनिटाला ९२ ठोके, ठोक्याला दोन मात्रा. ताल केरवा, आठ मात्रांचं एक आवर्तन साधारण २.६ सेकंदांत. काका म्हणाले, ठेका सरळ ठेवू, तिहाया (तीनदा वाजवून समेवर येणारे तुकडे) नकोत. बरोबर आहे.

२२ जुलै, सोमवार

आज शहरात सावन (हिंदी पंचांगाचा श्रावण) लागला, आमचा श्रावण ५ ऑगस्टला लागेल. मित्राचा उपास सुरू झाला, आमच्याकडे अजून कांदा. इंदुरात हा पंधरवड्याचा फरक दरवर्षी असतो आणि कुणाचं काही अडत नाही.

दुसरं कडवं, मुलीचं. आईकडून नळाची गोष्ट मिळाली. इंदुरात नर्मदेचं पाणी १९७८मध्ये आलं, पण चाळीत नळ सामायिक होता आणि पाणी पहाटे. नवी सून म्हणून ती बादली घेऊन गेली तर रांगेतल्या बायकांनी तिला पुढे केलं. “तुम्ही या हो पुढे.” चांगुलपणानंच. तिला मात्र रांगेत उभं राहायचं होतं. रांगेत उभं राहिल्याशिवाय कुणी गप्पांत घेत नाही.

तुझ्या दारी पहाटेला नळापाशी रांग लागे
‘तुम्ही या हो पुढे’ म्हणती, मला हवं होतं मागे
बादली माझी आधी भरे, कोणी काही बोलत नाही
रांगेतल्या एकीलाही माझं नाव ठाऊक नाही

तिसऱ्या ओळीत मात्रा जास्त होतात, गाताना ‘बोलत नाही’ दाबून घ्यावं लागतं. बदलणार नाही. दाबून घेतलेलंच बरोबर वाटतं.

२८ जुलै, रविवार

मित्राची शब्दांची तालीम. त्याचा प्रश्न : “दीदी, तुम्ही मतलब आप, तू मतलब तू। तो ‘तुम’ का क्या?”

मराठीत ‘तुम’ नाही. तू, तुम्ही, आपण. हिंदीत तू, तुम, आप. हिंदीतला ‘तुम’ मित्रांत चालतो, नवरा-बायकोत चालतो, त्यात सलगी आहे आणि मानही जात नाही. आपल्याकडे ‘तुम्ही’वरून एकदम ‘तू’वर उडी मारावी लागते. मधे पायरीच नाही. बाबा ‘तू’पाशी का अडले ते मला आत्ता कळलं, आणि तेही माळवी बोलणाऱ्या मुलानं विचारलं म्हणून.

संध्याकाळी हे आईला सांगितलं तर ती सहज म्हणाली, “म्हणून तर आम्ही हिंदीत बोलायचो.”

मी हातातलं ठेवलं. काय?

“पहिलं वर्षभर. दोघंच असलो की हिंदी. तुम्ही म्हटलेलं मला नको होतं, तू त्यांच्या तोंडून निघेना. एकदा सराफ्यात फिरताना ते म्हणाले, ‘तुम बोलूँ तो चलेगा?’ मी म्हटलं, चलेगा. घरात सगळ्यांसमोर मराठी, तुम्ही. बाहेर पडलो की तुम.”

दोन मराठी माणसं, चाळीस वर्षांपूर्वी, एकमेकांजवळ येण्यासाठी दुसऱ्या भाषेत जाऊन राहिली. ३९ वर्षं मी या घरातली गोष्ट ऐकते आहे असं समजत होते. माझं वयही तेवढं नाही, तरी हे माहीत असायला हवं होतं. आम्ही इंदूरची मराठी माणसं ‘मी येऊन राहिलो’ असं बोलतो म्हणून पुण्याचे नातेवाईक हसतात. मलाही कधीकधी त्या मिसळीची लाज वाटायची. आता नाही वाटणार. त्या मिसळीत माझ्या आईबाबांना उभं राहायला जागा मिळाली.

४ ऑगस्ट, रविवार

दिव्यांची अवस. दिवे घासून, पुजून मग काम.

मधला भाग बसला. दोनच ओळी, हिंदीत :

तुम बोलूँ तो चलेगा?
तुम बोलो तो चलेगा।

इथे बेस पूर्ण बंद. तबलाही बंद. फक्त तानपुरा आणि दोघांचे आवाज. बेस नसला की घर त्याचं की तिचं ते कानाला ठरवता येत नाही. दोन आवर्तनं असं अधांतरी ठेवायचं. भाऊ म्हणाला, लोकांना वाटेल वायर निघाली. वाटू दे, पाच सेकंद.

११ ऑगस्ट, रविवार

पहिलं रेकॉर्डिंग, आतल्या खोलीत. भिंतीला गोधड्या, दाराला सतरंजी. कंडेन्सर माइक, ४८ व्होल्टचा फँटम पॉवर चालू. मुलाचं कडवं चार टेकमध्ये झालं.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “गुणगुण येतेय.” आम्हाला ऐकू येईना. त्यांनी हेडफोन लावले, मान हलवली. “पन्नासची आहे.”

विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. ग्राफ काढून बघितलं तर बरोबर तिथेच टेकाड. ५० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या (४९) जरासा वर. आमच्या पाच स्वरांत तो सूर नाहीच, आणि खालची काळी तीन ४६.२५वर, म्हणजे बेस तिथे आला की दोघं एकमेकांना घासतात. एरवी लोकांच्या लक्षात आलं नसतं, या गाण्यात खटकलं असतं.

बाबांनी लॅपटॉपचा चार्जर काढायला लावला, माइकची वायर विजेच्या बोर्डापासून दूर नेली आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेतली. गुणगुण गेली. चार टेक पुन्हा. कुणी कुरकुरलं नाही. ज्या माणसानं त्या घरात गाण्याचा उतरलेला सूर वर आणला होता, तोच आज आमच्या गाण्यातला जास्तीचा सूर काढत होता.

१८ ऑगस्ट, रविवार

माझं कडवं. आधीच्या रविवारी झालं नाही कारण घसा. आज झालं, पण मित्राचा आवाज माझ्या आवाजापेक्षा सतत मागे वाटत होता. त्याला दोष देत होतो. खरं कारण बफर (लॅपटॉप आवाजाचे जितके नमुने साठवून मग ऐकवतो तो आकडा) १०२४वर राहिला होता. ४८,००० नमुन्यांच्या वेगाला तो २१ मिलिसेकंद होतो. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की माणूस वाट पाहत गातो. १२८वर आणला (२.७ मिलिसेकंद), मित्र सरळ झाला. त्याची माफी मागितली.

दुपारी पाऊस. समोरच्या पत्र्यावर इतका की थांबावं लागलं.

२५ ऑगस्ट, रविवार

एक गोष्ट मला सोडवत नाही. बाबा तुम्हीवरून तुमवर आणि मग तूवर आले. आई कुठे गेली? तिची सुरुवात ‘अरे’पासून होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ती ‘अहो’ म्हणायला लागली आणि आजही म्हणते. तिनं त्यांना ‘अरे’ म्हटलं ते साहेबांची मुलगी म्हणून, ‘अहो’ म्हणते ती बायको म्हणून. म्हणजे वाटेत दोघं एकमेकांना ओलांडून पलीकडे गेली. अंतर मिटलं की पाहणारी बाजू बदलली?

आईला विचारलं. तिनं वेळ घेतला. “मला ‘अहो’ म्हणायला आवडायचं,” म्हणाली. “चाळीतल्या सगळ्या जणी अहो म्हणायच्या. ते म्हटलं की मी त्यांच्यातली व्हायचे.” मग : “पण तू म्हणू नकोस हो तुझ्या नवऱ्याला.”

दोन ओळी लिहिल्या होत्या, ‘तुझं तुम्ही ओसरलं, माझं अहो आलं’ अशा. काढून टाकल्या. त्या माझ्या तक्रारीच्या होत्या, आणि आईची तक्रार ती नाही. गाण्यात तिचं म्हणणं राहायला हवं. माझं इथे वहीत राहील.

१ सप्टेंबर, रविवार

शेवट. तो पहिल्यांदा ‘तू’ कधी म्हणतो? मी गाण्यात उंच सूर, लांब आलाप वगैरे योजून ठेवलं होतं. खरं काय झालं ते बाबांना विचारलं. त्यांना आठवेना. आईला आठवत होतं. एका पहाटे पाणी कमी दाबानं येत होतं, रांग लांब, सगळ्यांना घाई. बाबा नळाशी, ती मागे. ते वळून म्हणाले, “तू बादली धर, मी नळ सोडतो.” म्हणून झालं तरी त्यांच्या ध्यानात नव्हतं. आईनं बादली धरली.

म्हणजे शेवटी आलाप नाही. शेवटचं ध्रुवपद, मग सगळी वाद्यं थांबतात आणि एक वाक्य, बोललेलं. मित्रानं म्हणून पाहिलं. छान म्हणत होता, पण ‘तू’वर किंचित थांबत होता, कारण त्याला माहीत होतं की तो शब्द महत्त्वाचा आहे. शेवटी बाबांना माइकसमोर उभं केलं. त्यांनी एकदाच म्हटलं, दुकानात पोऱ्याला पेचकस मागावा तितक्या सरळ. हेच घेतलं. दुसरा टेक मागितला नाही.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आज मिश्रण पूर्ण. ८४ आवर्तनं, ३ मिनिटं ३९ सेकंद, आणि पुढे बाबांचं वाक्य. एकूण पातळी उणे १४ लफ्स (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप), शिखर उणे १ डेसिबलच्या आत. तबला जरा मागे घेतला. माझ्या आवाजावरचा प्रतिध्वनी काढून टाकला. नळाच्या रांगेत घुमत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

झालं. मधल्या भागात बेस थांबला तेव्हा ध्वनिक्षेपकवाला खरंच वायर बघायला उठला. पण त्याआधीच पुढच्या रांगेतल्या दोन आजी एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. शेवटचं वाक्य रेकॉर्डवरून वाजवलं. बाबा मागे खुर्च्या लावणाऱ्यांत उभे होते. लोकांनी वळून पाहिलं तसे ते खुर्ची उचलून निघून गेले. आई बसून राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

मंडपाबाहेर एका बाईंनी मला थांबवून सांगितलं की त्यांच्याकडे सासूबाई अजून त्यांना ‘तुम्ही’ म्हणतात आणि त्या आज घरी जाऊन बोलणार आहेत.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. रात्रभर जेल रोडवर झांक्या (मिरवणुकीतले देखाव्यांचे रथ) पाहायला. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल, भंडारी. नावं अजून मिलचीच आहेत. भोंगे बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी जुने कामगार आणि त्यांची मुलं वर्गणी काढून झांकी उभी करतात. आजोबांच्या मिलची झांकी आली तेव्हा बाबा उठून उभे राहिले, दरवर्षी राहतात.

काकू आमच्याबरोबर होत्या. त्या अजून परदेशीपुऱ्यातच राहतात. शनिवारी त्यांना यायला जमलं नव्हतं, म्हणून गर्दीतच त्यांना फोनवर गाणं ऐकवलं, एक कान हेडफोनमध्ये, एक हातानं झाकलेला. त्यांनी पूर्ण ऐकलं. हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“चांगलं झालंय गं. वहिनींचं सगळं बरोबर आलंय.” पुढची झांकी येईपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मला तर मामंजी पहिल्या दिवसापासून तू म्हणायचे. तू हे कर, तू ते आण. बादली मीच धरायची. त्याचं कुणी गाणं नाही केलं.”

रागानं म्हणाल्या नाहीत. नजर झांकीवरच होती.

मी सव्वादोन महिने ‘तू’ म्हणजे जवळीक असं धरून चालले होते. त्याच घरात, त्याच आजोबांच्या तोंडी, त्याच शब्दाचा दुसरा अर्थ होता आणि तो ज्या बाईनं रोज ऐकला तिला मी एकदाही विचारायला गेले नाही. आईनं मला ११ जुलैला सांगितलं होतं, ‘काकूला तू आणि मला तुम्ही.’ वर या वहीत लिहिलेलंही आहे. मी ते आईच्या बाजूनंच वाचलं.

रविवारी सकाळी परदेशीपुऱ्याला जायचं. काकूंना दहानंतर वेळ असतो. रेकॉर्डर चार्ज करून ठेवणे. भावाला बरोबर नेणार नाही, त्याच्यासमोर त्या बोलणार नाहीत. पेटीही नको. आधी फक्त ऐकायचं.